हात ढिला सोड

मुरुममध्ये बांगड्या भरायच्या त्या जमिलाखालाकडंच, हे इतकं ठरून गेलेलं होतं की एखादी दुसरीकडून भरून आली तर बाया तिचा हात धरून विचारायच्या, "का गं, खालाशी भांडलीस की काय?" बाजारच्या दिवशी दोन-चार कासार बसायचे, त्यांचा मालही काही वाईट नसायचा. पण खालाची रीतच वेगळी. ती आधी बांगडी उचलायचीच नाही. तुमचा हात आपल्या मांडीवर घ्यायची, अंगठ्याखालचं मांस हळूच दाबून बघायची आणि गप्पा काढायची. म्हैस व्याली का, सासूचा गुडघा कसा आहे, भाऊ न्यायला आला होता की नाही. तुम्ही सांगण्याच्या नादात असलात की म्हणायची, "हात ढिला सोड, माय," आणि बांगडी मनगटावर आलेली असायची. माझे हात हाडकुळे आणि आडमुठे. आईनं एकदा हौसेनं स्वतः मला बांगडी चढवायला घेतली होती, तेव्हा आम्ही दोघीही रडलो होतो. खालापुढं मी कधी रडले नाही.

मी जगदेवी. आमचं घर तिच्या घराच्या अगदी समोर, मध्ये एक बैलगाडी जाईल एवढी गल्ली. माझी आई शांतम्मा आणि खाला या दोघींनी एकमेकींच्या उंबऱ्यावर बसून निम्मं आयुष्य काढलं. आईच्या बोलण्यात कानडी यायची, खालाच्या बोलण्यात दखनी, आणि भांडताना तर दोघी आपापल्या भाषेत शिरायच्या. मग कोण कुणाला काय म्हणालं हे कुणालाच कळायचं नाही, त्यामुळं भांडण फार टिकायचं नाही.

मोजून बांगड्या भरून झाल्या की वरती एक बांगडी खाला आपल्या पदरची चढवायची. "ही दुव्याची," म्हणायची. मग बाई उठून तिच्या पाया पडायची. पाटलाची असो, तेल्याची असो, मणियारणीच्या पायाला हात लावायचा आणि मगच घरी जायचं. त्यात कुणाला काही वेगळं वाटत नसे.

फक्त पोलीस ॲक्शनच्या साली, निजामाचं राज्य गेलं तेव्हा, तिचं दार कितीतरी दिवस बंद होतं. मी लहान होते, मला त्यातलं फार काही कळलं नाही. एवढं आठवतं की एके दिवशी आईनं मला धरून गल्ली ओलांडली, दार वाजवलं आणि म्हणाली, "जमिला, पोरीचे हात उघडे पडल्यात." त्यानंतर एकेक हात परत यायला लागला. त्या दिवसांबद्दल खाला पुढं कधी बोलली नाही. पण कुणी बाई नुसती दारावरून चालली तरी ती मान वर करून बघायची, थांबते का म्हणून. हात यायचे बंद झाले तर काय होतं, ते तिनं एकदा बघितलं होतं. पुन्हा बघायची तिची तयारी नव्हती.

तर हे सगळं सांगायचं कारण म्हणजे तिच्या गळ्याची गाठ. गलगंड. मला आठवतं तेव्हापासून ती होती. आधी लिंबाएवढी, मग वाढत वाढत पेरूएवढी झालेली. खाला आवंढा गिळायची तेव्हा ती वर जाऊन खाली यायची, आणि लहानपणी मी बांगड्या भरून घेताना तिच्याकडंच बघत बसायचे. खालाला तिचं काही वाटत नव्हतं. "अल्लानं थैली दिली, त्यात टाकायला काय द्यायचं ते इसरला," असं म्हणून स्वतःच हसायची.

तिचा नवरा खाजामियाँ. आम्ही त्यांना खाजाचाचा म्हणायचो. बारीक चणीचा, हळू बोलणारा माणूस. सोलापुराहून माल आणायचा, गवतात गुंडाळून रचायचा, आणि बायका आल्या की उठून बाहेर जायचा. बांगडी भरणं हे बायकोचं काम, आपलं काम ओझं वाहायचं, असं त्यानं धरून ठेवलेलं होतं. एकुलता मुलगा सोलापुरात गिरणीत. घरात तिसरी होती चाचाची आई, अजीजाबी. तिचे वडील कल्याणी गावचे हकीम होते. ती स्वतः हकीम नव्हती, पण हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. अख्ख्या गल्लीच्या पोटदुख्या तिच्या ताब्यात होत्या.

आपला जिल्हा मुंबई राज्यात जाऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल. माझं लग्न होऊन मी अणदूरला गेले होते. त्या सुमारास हिंमतराव पाटलांच्या सुनेचं डोहाळजेवण निघालं. हिरव्या बांगड्या भरायला खालाला बोलावणं आलं. गेल्यावर पाटलीणबाई, मथुराबाई, तिला बाजूला घेऊन म्हणाल्या, "जमिलाबी, राग मानू नगा. पोटुशीच्या नजरंसमोर जे येतं तसं लेकरू निपजतं म्हणत्यात. सुनंनं तुमच्या गळ्याकडं बघू नये, एवढंच माझं म्हणणं." मथुराबाई काही दुष्ट नव्हत्या. आधीची दोन नातवंडं गेली होती, त्या बाईचा जीव मुठीत होता. त्यांनी सुनेला भिंतीकडं तोंड करून बसवलं आणि तिचा हात मागं काढून खालाच्या मांडीवर ठेवला.

पाठमोऱ्या बाईशी काय गप्पा मारणार? खालानं गुपचूप बांगड्या भरल्या. पोरीचा हात शेवटपर्यंत ताठ राहिला. दुव्याची बांगडी चढवली, आणि पोरगी पाया न पडताच उठून आत गेली. पाया पडायला वळली असती तर गळा दिसला असता ना!

घरी येऊन खाला आमच्या उंबऱ्यावर बसली. आई सांगते, तिनं पाणीसुद्धा मागितलं नाही. म्हणाली, "शांतक्का, भिंतीला बांगड्या भरून आले मी आज."

पुढं दुसऱ्या एका घरी उमरग्याचा कासार बोलावला गेला. मग तिसऱ्या. पोटुशी बायांनी तर खालाचं दारच सोडलं. आणि ती दारावरून जाणाऱ्या बायांकडं पुन्हा मान वर करून बघायला लागली.

गावात तेव्हा पुण्याकडचा एक तरुण डॉक्टर येऊन राहिला होता. स्वतःचा छोटासा दवाखाना घातला होता त्यानं. खाला चाचाला घेऊन त्याच्याकडं गेली. त्यानं गाठ चाचपून बघितली आणि सोलापूरला ऑपरेशन करून घ्या म्हणाला. गळा कापायचा म्हटल्यावर खाला उभीच राहिली. तेव्हा त्यानं आयोडीनच्या औषधाची एक बाटली दिली. गर्द तपकिरी, नाकाला झोंबणारं पाणी. दुधात थोडे थेंब टाकून पंधरा दिवस घ्या, मग मला दाखवा, त्याशिवाय पुढं घ्यायचं नाही, असं बजावून सांगितलं. पंधरा दिवसांनी ती दोघं गेली तर दवाखान्याला कुलूप. डॉक्टरचे वडील अंथरुणाला खिळले होते, तो गावी गेला होता. कधी येणार कुणालाच ठाऊक नव्हतं.

गाठ थोडी मऊ लागायला लागली होती, असं खाला म्हणायची. अशा वेळी औषध सोडायचं कसं? चाचा मालासाठी सोलापूरला जायचाच. रिकामी बाटली दाखवून एका औषधाच्या दुकानातून त्यानं तसलीच भरलेली आणली. मग तशीच आणखी.

त्यातच एक गंमत झाली. गंमत म्हणायची, दुसरं काय म्हणू? चाचाच्या हातून एक थेंब ताटातल्या भातावर पडला आणि तो भात बघता बघता काळानिळा झाला. अजीजाबीनं ताट उचलून सगळ्या गल्लीला दाखवलं. "देखा? जहर पकडती दवा. अन्नातलं बी सोडंना, अंगातलं सोडंल?" पुढं कितीतरी वर्षांनी माझ्या मुलीनं शाळेतून येऊन सांगितलं की भातावर, बटाट्यावर, पिठावर आयोडीन टाकलं की ते निळं होतंच, त्यात विषाचा काही संबंध नाही. मी तिच्यावर उगीच खेकसले. तिला काय माहीत!

काही दिवसांनी खालाच्या तोंडाला चव राहिली नाही. भाकरी खाल्ली काय, गूळ खाल्ला काय, कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यातलं पाणी प्यावं तसं लागायचं. मग नाक वाहायला लागलं, डोळे चुरचुरून पाण्याचे झाले, पापण्या सुजल्या. तोंडाला एवढी लाळ सुटायची की तिनं एक फडकं कायमचं हातात धरलं. चेहऱ्यावर, पाठीवर पुटकुळ्या उठल्या, पिकल्या. दुसरं कुणी असतं तर घाबरून औषध फेकून दिलं असतं.

इथं मात्र घर आनंदलं. अजीजाबीच्या वडिलांच्या हकिमीत आधी काढा देऊन अंगातला दोष पिकवायचा आणि मग तो बाहेर काढायचा, अशी रीत होती. नाकातनं, तोंडातनं, कातडीतनं, वाट मिळेल तिथनं. "मवाद सुटला," अजीजाबी म्हणाली, "आता अडवायचं न्हाय." आणि फक्त तिलाच का बोलू? आमची आईही तेच म्हणत होती. आमच्याकडं गोवर फुलला की बरं वाटतं, दबला की धास्ती पडते. मग हे का वेगळं असावं? गल्लीतल्या झाडून सगळ्या बाया खालाच्या पुटकुळ्या बघून मान डोलवायच्या. खाला फडक्यानं तोंड पुसत म्हणायची, "निघतंय, शांतक्का. एवढं निघून जाऊ दे. मग मथुराबाईच्या सुनंला म्हणावं, आता बघ इकडं." जितका त्रास जास्त तितकं घाण बाहेर पडतंय, म्हणून चाचानं थेंबही वाढवले. त्याचं प्रेम होतं तिच्यावर. याच गोष्टीचा मला अजून राग येतो, आणि कुणावर काढावा कळत नाही.

पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले तेव्हा गल्लीत शिरताच मला ती दारात दिसली. मी ओळखलं नाही. अंगावरचं मांस उतरलं होतं, डोळे मोठे आणि पुढं आलेले, चैत्राचं ऊन नव्हे की काही नव्हे, थंडी पडायला लागलेली, आणि बाई घामानं भिजलेली. "जगू!" म्हणून ती उठली. भूक लई लागती म्हणाली, खाल्लेलं अंगाला लागत न्हाय म्हणाली, झोप येत न्हाय. सगळं हसत हसत सांगत होती. मग सवयीनं तिनं माझा हात आपल्या मांडीवर घेतला, अंगठ्याखाली दाबून बघायला. तिचे दोन्ही हात थरथरत होते. बारीक, सारखे, पाखरू हातात धरल्यावर आपल्याला लागतं तसे. मी तिच्याकडं बघितलं. ती म्हणाली, "आधी नाकातनं निघालं, आता हाताच्या वाटंनं निघतंय. थांबंल गं बेटी, थोडंच उरलंय."

"बांगड्या कोण भरतंय मग?" मी विचारलं.

"भरते की मीच," ती म्हणाली. पण तिच्या पाठीमागं दोऱ्यात ओवलेल्या बांगड्यांचे तोडे बांधलेले तसेच रचून ठेवलेले दिसत होते.

डॉक्टर परत आला ते वडिलांचे दिवस करूनच. आई मला तपासायला घेऊन निघाली तेव्हा मी हट्टानं खालाला आणि चाचाला बरोबर घेतलं. डॉक्टरनं तिची नाडी धरली, हात पुढं करायला लावले, आणि किती दिवस औषध घेताय म्हणून विचारलं. चाचानं सांगितलं. तो तरुण माणूस एकदम पांढरा पडला आणि मग ओरडला. "पंधरा दिवस म्हणालो होतो मी! पंधरा दिवस!"

चाचा घाबरला, पण त्यानं विचारलं, "साहेब, पर घाण तर निघाली की. नाकातनं, अंगातनं…"

"काही निघत नाही हो अंगातून! हे औषधच अंगावर उठलंय. पुटकुळ्या त्याच्या, लाळ त्याची. आणि ती गाठ इतकी वर्षं गप पडून होती, तिला हे पाजत राहिल्यानं ती आता बेफाम सुटली आहे. हात कापतात ते त्यामुळं. काळीज धडधडतं ते त्यामुळं. आजपासून एक थेंब द्यायचा नाही. आणि सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात न्या, लगेच."

सोलापूर म्हटल्यावर खालाचा हात आपोआप गळ्याकडं गेला. "कापणार तिथं," ती पुटपुटली. येताना चाचा सगळ्यांच्या मागं चालत होता.

औषध मात्र थांबवलं. आणि इथंच सगळं फसलं.

आठवडाभरात पुटकुळ्या वाळल्या. नाक कोरडं झालं, लाळ थांबली, तोंडाला चव आली. डॉक्टरचं म्हणणं पटावं असंच सगळं झालं. पण हात कापायचे थांबले नाहीत. उलट छातीतली धडधड वाढली. बसल्या जागी ती धापा टाकायला लागली, पायावर सूज आली. मी डॉक्टरकडं धावत गेले. तो म्हणाला, इतके दिवस घेतलेलं असं चार दिवसांत उतरत नाही, महिने लागतील, पण तोवर तिला सोलापूरला नेलंच पाहिजे. मी तसंच येऊन सांगितलं. अजीजाबीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बेटी, तू शिकलेली. मला एवढं सांग. बाहेर येत होतं तवा काळीज बरं होतं. बाहेर यायचं बंद झालं आणि काळजावर बसलं. मग ते गेलं कुठं? आत गेलं का न्हाय?"

खरं सांगते, क्षणभर मलाही तसंच वाटलं. डोळ्यांना तर तसंच दिसत होतं. गोवर दबला की पोर दगावतं, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. डॉक्टरचे शब्द माझ्याकडं होते, पण खालाच्या घरात जे चाललं होतं ते त्या शब्दांवर मात करत होतं.

दोन दिवसांनी दुपारी मी गल्ली ओलांडून गेले तर चाचा चुलीपाशी बसला होता. एका हातात दुधाची वाटी, दुसऱ्या हातात ती बाटली. ओठ हलत होते, थेंब मोजत होता.

"चाचा, नको! डॉक्टर काय म्हणाले?"

त्यानं बाटली खाली ठेवली नाही. "डॉक्टर म्हणतो दवा मारती. अम्मा म्हणती दवा थांबवली म्हणून मरती. मला दोघांतलं काय बी कळत न्हाय, बेटी. माझ्या डोळ्यानं मी एवढं बघितलं. थांबवली आणि बिघडली. तूच सांग, म्या काय करू?"

मी पुष्कळ बोलले. रडले, भांडले, त्यांच्या घरात उभी राहून अजीजाबीला नको ते बोलले. आत खाटेवरून खाला हाक मारत होती, "आण हो, आण. अर्ध्यात सोडलेलं मला जमत न्हाय." तिनं वाटी दोन्ही हातांत घेतली, तरी दूध हिंदकळून छातीवर सांडत होतं. चाचानं वाटीला खालून हात लावला आणि तिनं ते सगळं पिऊन टाकलं.

सोलापूरला जायचं रोज ठरायचं. गाडी सांगितलीही होती एकदा. पण गाडी आली की खाला चौकट धरून बसायची, आणि तिला ओढून न्यायची चाचाची छाती नव्हती.

सातव्या महिन्यात माझ्या हिरव्या बांगड्या भरायचं निघालं. मला कळत होतं, आईच्या मनात काय आहे ते. पोटुशीच्या हातात फुटलेली काच तिला नको होती, आणि खालाला नको म्हणायचं तोंडही तिला नव्हतं. मीच म्हणाले, "खालाशिवाय माझ्या हाताला कुणी हात लावायचा न्हाय." मला वाटलं होतं, मी तिचं भलं करते आहे.

घर बायांनी भरलेलं. खाला आली, चाचा तिला धरून घेऊन आला आणि दारातच थांबला. तिनं स्वच्छ धुतलेली साडी नेसली होती, गळ्यावरून पदर घट्ट ओढून घेतला होता. मी तिच्या समोर बसले, तोंडासमोर तोंड. भिंतीकडं नाही. मी मुद्दाम तिच्या गळ्याकडं बघितलं आणि हसले. तिला ते कळलं. तिचे डोळे भरून आले.

तिनं माझा हात मांडीवर घेतला. "नवरा पत्र लिवतो का न्हाय?" वगैरे सुरुवात केली. पण दम पुरत नव्हता, वाक्य मधेच सुटत होतं. "हात ढिला सोड, माय," म्हणाली आणि पहिली बांगडी चढवायला घेतली. ती अंगठ्याच्या हाडावर आली, तिथं तिचा हात थरथरला, पुन्हा थरथरला, आणि कटकन आवाज झाला. काच रुतली. माझ्या मनगटावर रक्त आलं.

बायांनी एकदम श्वास आत घेतला. "वाढली, वाढली," आई घाईघाईनं म्हणाली. बांगडी फुटली असं म्हणत नाहीत. पण तेवढ्यानं काय होणार? पाठीमागून कुणीतरी देवाचं नाव घेतलं.

खालानं पदरानं रक्त टिपलं. माझा हात उचलून तिनं माझ्याच मांडीवर परत ठेवला, उसनी आणलेली वस्तू परत करावी तसा. "दुसरीकडनं भरून घे, जगू," म्हणाली.

"न्हाय," मी म्हणाले.

तेव्हा दारातून चाचा आत आला. आयुष्यात बायकांच्या बैठकीत न आलेला तो माणूस, खाली मान घालून आला आणि बायकोच्या शेजारी बसला. खालानं माझं मनगट आपल्या दोन्ही हातांत धरलं आणि त्यानं बांगडी घेतली. त्याला गप्पा मारता येत नव्हत्या. बांगडी चढताना दुखत होतं, मी ओठ आवळून बसले. खाला त्याला म्हणाली, "आधी सांगा तिला. हात ढिला सोड म्हणून सांगा."

"हात ढिला सोड, माय," चाचा म्हणाला. आवाज घोगरा होता त्याचा. एकेक करत त्यानं सगळ्या भरल्या. शेवटची दुव्याची राहिली. ती खालानं त्याला दिली नाही. स्वतः हातात धरून थोडा वेळ बघितली, चढवायचं धाडस केलं नाही, आणि माझ्या तळहातावर ठेवून माझी बोटं मिटली. "ही लेकराला." मी वाकले तेव्हा ती उघड उघड रडत होती आणि मीही. बाया हळूहळू उठून गेल्या.

त्यानंतर मुरुममध्ये तिच्याकडं कुणी हात घेऊन गेलं नाही.

मला पौषात मुलगी झाली. मी बाजेवर, खाली शेगडी, कानाला फडकं बांधलेलं, आणि समोरच्या घरातून रडण्याचा आवाज आला. बाळंतिणीला उंबरा ओलांडता येत नाही. गल्लीपलीकडं माझी खाला गेली आणि मी छताकडं बघत पडून राहिले. पहाटेपासून काळीज नुसतं उधळलं होतं आणि मग थांबलं, असं आई सांगत आली. अंघोळ घालताना अजीजाबीनं बांगड्या काढायला साबण आणला होता. तो लागलाच नाही. हात नुसता खाली केला आणि बांगड्या आपोआप गळून पडल्या. अडीचच्या मापाची बांगडी लागणारा भरलेला हात होता तिचा, त्याचं नुसतं हाड राहिलं होतं.

काही दिवसांनी चाचा आमच्या दारात आला. आईनं घोंगडी टाकली, तो बसला नाही. आतून मला त्याचा आवाज ऐकू येत होता. "शांतक्का, एक विचारायचं होतं. थांबवली म्हणून गेली, का दिली म्हणून गेली?"

आई म्हणाली, "वेळ भरली होती, खाजाभाई. तुमी लई केलं तिचं." आणि आत येऊन माझ्या तोंडाकडं बघून तिनं नुसती मान हलवली. मुलगी छातीशी होती. मी तिच्या अंगावरचं फडकं सारखं करत राहिले.

पुढं अजीजाबी वारली, चाचानं मुरुम सोडलं आणि तो जत्राजत्रांतून बांगड्या घेऊन फिरायला लागला असं कानावर यायचं. मग एका वर्षी आमच्या अणदूरच्या खंडोबाच्या जत्रेत तो मला दिसला. मुलगी चांगली उड्या मारणारी झाली होती, तिला बांगड्या हव्याच होत्या. चाचाची दाढी पांढरी झाली होती, पण त्याचा हात आता मऊ झाला होता. पोरीला त्यानं आधी मांडीवर हात ठेवायला लावला, शाळेत कोण मारकुटं आहे ते विचारलं, आणि ती सांगायला लागली तेव्हा म्हणाला, "हात ढिला सोड, माय." तोच सूर. वरती त्यानं दुव्याची एक चढवली. मी वाकले, त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. मुरुमचं कुणीच काही काढलं नाही.

मी निघाले तेव्हा माझ्या मागची बाई पुढं सरकली. ईट गावाकडची होती, बोलण्यावरून वाटलं. तिच्या गळ्याला गाठ होती, पदराखालूनही दिसत होती. मी दोन पावलं गेले आणि मला चाचाचा आवाज ऐकू आला. "याला दवा हाय, माय. तपकिरी थेंब असत्यात, दुधातनं घ्यायचे. तरास हुतो. नाक वाहतं, अंगावर उठतं. पर भ्यायचं न्हाय, निघू द्यायचं. अर्ध्यात सोडायचं न्हाय."

मी तिथंच उभी राहिले. बाई बांगड्या भरून नारळाच्या दुकानांकडं गेली तशी मी मुलीला ओढत तिच्या मागं धावले. तिचा हात धरला आणि धापा टाकत सांगितलं, ते औषध मनानं घेऊ नको, डॉक्टरला विचारल्याशिवाय थेंबसुद्धा घेऊ नको, जीव जाईल.

बाई माझ्याकडं संशयानं बघत राहिली. "असं कसं? त्यांच्या बायकूचा गळा तर त्यानंच साफ झाला म्हणं. आता बरी हाय म्हणले. घरी असती, बांगड्या भरती."

मी मागं वळून बघितलं. भंडारा उधळत लोक चालले होते, त्यांच्या आडून चाचा दिसत होता. कुणा नव्या नवरीचा हात मांडीवर घेऊन तो हळूहळू बोलत होता.

"न्हाय," मी त्या बाईला म्हणाले, "बरी न्हाय झाली."

तिनं आपला हात सोडवून घेतला. मुलगी माझा पदर ओढत विचारत होती, आई, कोण बरी नाही झाली? आणि तिकडून चाचाचा आवाज येत होता, हात ढिला सोड, माय, ढिला सोड.